नॉर्स परंपरा जगायचीय? हातोडा नंतर, आधी दार

दादरच्या पुलावरून जाताना गळ्यात थॉरचा, म्हणजे नॉर्वे-आइसलंडकडच्या जुन्या, ख्रिस्ती होण्याआधीच्या नॉर्स लोकांच्या गडगडाटाच्या देवाचा, हातोडा घातलेला एखादा मुलगा हल्ली दिसतोच, आणि ओळखीतल्या दोन-तीन जणांनी तर मला सरळ विचारलं की हे नुसतं लॉकेट न राहता खरंच पाळायचं असेल तर काय करायचं, पूजा असते का, मंत्र असतात का, सुरू कुठून करायचं. मी सहा वर्षं हे माझ्या परीने करतोय, लोअर परळच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत, देव्हाऱ्यात आईचा खंडोबा आहे तो तसाच आहे आणि त्यात कुणाला काही अडचण आलेली नाही. म्हणून जे करून बघितलं ते लिहितो.

आधी डोक्यातला पसारा काढा. व्हायकिंग लोक शिंगांची शिरस्त्राणं घालत नव्हते, ती १८७६ मध्ये वागनरच्या ऑपेरातल्या वेशभूषेमुळे जगभर पसरली. सिनेमात लोकी थॉरचा भाऊ दाखवतात, जुन्या काव्यात तो ओडिन या मुख्य देवाचा भाऊ आहे आणि तोसुद्धा रक्ताची शपथ घेऊन झालेला. आणि व्हालहाला हा ओडिनचा महाल म्हणजे सगळ्यांचा स्वर्ग नव्हे, रणात पडलेल्यांपैकी अर्धे तिथे जातात, अर्धे फ्रेया देवी आपल्याकडे नेते, आणि आजाराने किंवा म्हातारपणाने गेलेली तुमच्या-आमच्यासारखी बहुतेक माणसं हेल या मृतांच्या राणीच्या घरी. म्हणजे ज्याला हे लढवय्यांचं काहीतरी वाटून यायचंय त्याने जरा थांबावं, कारण रोजच्या जगण्यात यातलं जे उपयोगी पडतं ते तलवारीबद्दल नाहीच, ते पाहुणा, मित्र, दिलेली वस्तू आणि दिलेला शब्द याबद्दल आहे.

दुसरी गोष्ट, ही वारी किंवा कीर्तनासारखी पिढ्यान्‌पिढ्या हातातून हातात आलेली परंपरा नाहीये, मध्ये तुटलेली आहे. आइसलंडमध्ये साधारण १००० साली आलथिंग म्हणजे त्यांच्या सभेत वाद इतका चिघळला की ख्रिस्ती आणि जुने असे दोन तट पडायची वेळ आली, तेव्हा थोरगेर नावाचा कायदा सांगणारा माणूस, जो स्वतः जुन्या देवांचा होता, तो घोंगडं पांघरून एक दिवस एक रात्र पडून राहिला आणि उठून म्हणाला की कायदा एकच हवा, सगळ्यांनी ख्रिस्ती व्हा. घरात गुपचूप नैवेद्य दाखवायला तेवढी काही काळ मुभा राहिली, मग तीही गेली. आपल्याला जे वाचायला मिळतं ते नंतरच्या ख्रिस्ती लोकांनी लिहून ठेवलेलं, स्नोरी स्टुर्लुसनने १२२० च्या आसपास लिहिलेला एडा हा देवकथांचा ग्रंथ, आणि १२७० च्या आसपासचं कोडेक्स रेगियस हे ४५ पानांचं हस्तलिखित ज्यात जुनी काव्यं आहेत. ते हस्तलिखित कित्येक शतकं कोपनहेगनला होतं, १९७१ च्या एप्रिलमध्ये डेन्मार्कने नौदलाच्या जहाजातून परत पाठवलं तेव्हा रेकयाविकच्या बंदरावर लोकांची गर्दी लोटली होती. पुढच्याच वर्षी, १९७२ ला, उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशी आसात्रुआरफेलागिद ही जुन्या देवांना मानणाऱ्यांची संस्था तिथे सुरू झाली, स्वेइनब्योर्न बेइनटेइनसन हा शेतकरी आणि कवी तिचा पहिला प्रमुख, आणि १९७३ ला सरकारी मान्यता मिळाली. आज तिचे पाच हजारांहून जास्त सभासद आहेत. हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की कुणी तुम्हाला "हा अस्सल हजार वर्षांपूर्वीचा विधी" म्हणून काही शिकवायला लागलं तर हो म्हणू नका, आज जे कुणी करतंय ते वाचून, विचार करून, जुळवून करतंय आणि त्यात कमीपणा काही नाही.

नऊ सद्गुणांची एक यादी इंटरनेटवर सगळीकडे भेटेल, धैर्य, सत्य, मान, निष्ठा, शिस्त, आतिथ्य, कष्ट, स्वावलंबन, चिकाटी. ही यादी ओडिनिक राइट नावाच्या इंग्लंडमधल्या गटाने १९७० च्या दशकात बांधली, जुन्या कुठल्याही काव्यात ती अशी येत नाही. वाईट काही नाही त्यात, पण मी पहिलं वर्ष ती भिंतीला चिकटवून काढलं आणि खरं सांगतो, शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारासारखी ती नजरेआड होऊन गेली. सुरुवात हावामालपासून करा. हे ओडिनच्या तोंडी घातलेलं काव्य, १६४ कडवी, बेलोजचं १९२३ चं इंग्रजी भाषांतर नेटवर फुकट मिळतं, इंग्रजी जड वाटली तर एकेक कडवं मोबाइलवर मराठीत लिहून काढा, मी तसंच केलं. आठवड्याला एकच. लोकलमध्ये वाचायचं, आणि त्या आठवड्यात ते कुठे लागू पडतं हे बघत राहायचं. बस, साधना म्हणाल तर ही.

पहिलंच कडवं दाराबद्दल आहे. आत पाऊल टाकण्याआधी सगळी दारं नीट बघून घे, कारण आत कुठे वैरी बसलाय ते सांगता येत नाही. मला हे आधी संशयी वाटलं होतं, देव असं कसं बोलेल. मग तिसरं-चौथं कडवं वाचलं, ते यजमानाला सांगतं की जो बाहेरून आलाय आणि ज्याचे गुडघे गारठलेत त्याला आग पाहिजे, डोंगर ओलांडून आलेल्याला अन्न आणि कपडे पाहिजेत, जेवायला आलेल्याला पाणी, टॉवेल आणि मनापासून या म्हणणं पाहिजे, आणि जमलं तर बोलायला संधी आणि ऐकून घेणारं कुणीतरी.

हे दोन्ही एकत्र का ते मला एका जुलैमध्ये कळलं. हिंदमाताला पाणी भरलेलं, गाड्या बंद, आणि आमच्या जिन्यात एक डिलिव्हरीवाला मुलगा पिशवी पोटाशी धरून उभा, अंगावरून पाणी गळतंय, कुणाचं पार्सल होतं ते घर कुलूप लावून गेलेलं. मी दार उघडून ये म्हटलं तर तो आलाच नाही. उंबऱ्याच्या बाहेर उभा राहून त्याने आधी आत बघितलं, खोलीत कोण कोण आहे, मी एकटा आहे का, आई दिसली तेव्हा जरा सैल झाला, तरी पाय चिखलाचे म्हणून आत येईना. आईने गोणपाट टाकलं, पंचा दिला, मी माझी जुनी लेंगा-बंडी दिली आणि गॅसवर चहा ठेवला. त्या वेळी ते पहिलं कडवं माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं, की ते पाहुण्याच्या बाजूने लिहिलंय, अनोळखी दाराशी उभा असलेला माणूस घाबरलेला असतो आणि त्याचं घाबरणं बरोबर असतं. पुढची कडवी त्या भीतीला उत्तर आहेत. आतिथ्य म्हणजे पंचपक्वान्नं नाहीत, आलेल्याची भीती आणि ओल काढणं. तासभर बसला तो, गावच्या घरकुलाच्या हप्त्याबद्दल बोलला, आम्ही ऐकलं.

म्हणून पहिलं काम सांगतो: घरात एक जादा कोरडा टॉवेल आणि कुणालाही होईल असा एक कपड्यांचा जोड कायम बाजूला ठेवा. मूर्ती, शिंग, हातोडा काहीही विकत घेण्याआधी हे करा. आणि दुसरी बाजूही त्याच काव्यात आहे बरं का, पाहुण्याने फार दिवस एका जागी बसू नये, आवडतासुद्धा नावडता होतो, दहा बाय बारात राहणाऱ्याला हे समजावून सांगायला नको.

दुसरं काम देण्याघेण्याचं. हावामालचा सगळ्यात गाजलेला विचार हाच की भेट ही भेटीची वाट बघते. ऐकायला हिशेबी वाटतं, पण आपल्याकडे शेजारणीचा डबा रिकामा परत करत नाहीत ना, काही नाही तर चिमूटभर साखर तरी टाकून देतात, अगदी तेच आहे हे. डबा फिरता राहिला पाहिजे, तो फिरतोय तोवर नातं चालू. मोठं काही द्यावं असंही नाही, एक कडवं म्हणतं की अर्धी भाकरी आणि तिरका केलेला पेला एवढ्यावर मला सोबती मिळाला. आणि देवांशी नातंही याच तऱ्हेचं, ज्याला ब्लोत म्हणतात तो विधी म्हणजे पूर्वी पशुबळी असायचा, आज बहुतेक जण पेय, भाकरी, फळं असं काही अर्पण करतात आणि मग सगळे मिळून खातात. इथे एक इशारा काव्यातच दिलाय, अति अर्पण करण्यापेक्षा न मागितलेलं बरं, कारण प्रत्येक भेट परतफेड मागते. म्हणून सुरुवातीला उत्साहात येऊन मोठाले नवस बोलू नका. मी पहिल्या पावसाच्या दिवशी थॉरसाठी गॅलरीतल्या तुळशीशेजारच्या कुंडीत ताक आणि भाकरीचा तुकडा ठेवतो, पुरतं तेवढं. थॉर म्हणजे गडगडाट, वारा, पाऊस आणि पीक, मुंबईत जूनमध्ये त्याची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. त्याचा वारही आपल्या गुरुवारीच येतो, रोमन ग्रहांच्या वारांवर उत्तर युरोपातल्या लोकांनी आपले देव बसवले, मंगळवारी टिर, बुधवारी ओडिन, गुरुवारी थॉर, शुक्रवारी फ्रिग, त्यामुळे वार लक्षात ठेवायला सोपं.

कोकणातल्यांना अजून एक गोष्ट पटकन समजेल. नॉर्स लोकांकडे लांदव्हेत्तिर असतात, जमिनीचे राखणदार. आइसलंडच्या जुन्या कायद्यात असं होतं म्हणतात की किनारा दिसायला लागला की जहाजाच्या टोकावरचं भयंकर जबड्याचं डोकं उतरवून ठेवायचं, राखणदार घाबरू नयेत म्हणून. किती सुंदर आहे हे, माणूस भुतांना घाबरत नाहीये, आपल्यामुळे ती घाबरतील याची काळजी घेतोय. मुंबईत याचा अर्थ मी असा लावतो की नवीन जागी गेलं की आधी तिथल्या गावदेवीला, तिथल्या झाडाला नमस्कार करायचा, समुद्रावर गेलो तर आपला कचरा परत आणायचा आणि दुसऱ्याचा थोडा उचलायचा, नाचगाण्याचा स्पीकर घेऊन जायचं नाही. नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यात उभं राहून बघा, न्योर्द हा नॉर्स लोकांचा समुद्राचा आणि मासेमारीचा देव कसा पुजला जात असेल याचा अंदाज येईल.

नशिबाबद्दल लोक हटकून विचारतात, की सगळं ठरलेलंच असेल तर नीतीने वागायचं कशाला. आपल्याकडे सटवाई पाचवी-सहावीच्या रात्री बाळाच्या कपाळावर लिहून जाते, तिकडेही बाळ जन्मलं की नॉर्न नावाच्या नशीब लिहिणाऱ्या बायका येतात आणि त्याचं आयुष्य ठरवतात. त्यातल्या तिघी, उर्द, व्हेरदांदी आणि स्कुल्द, यग्द्रसिल या विश्ववृक्षाखालच्या विहिरीपाशी राहतात. पण स्नोरी सांगतो की त्या रोज विहिरीतलं पाणी आणि काठची माती झाडावर घालतात, फांद्या कुजू नयेत म्हणून, कारण वर हरणं पाला खातायत आणि खाली नीधोग नावाचा नाग मुळं कुरतडतोय. म्हणजे ज्यांनी नशीब लिहिलं त्यासुद्धा हात जोडून बसलेल्या नाहीत, रोज पाणी घालतायत. कर्माशी याची गल्लत करू नका, पुढच्या जन्मी फेडायची सोय यात धरलेली नाही, जे केलं ते याच विहिरीत थर होऊन बसतं आणि त्यावर उद्याचं उगवतं. मरायचा दिवस ठरलेला, कसं जगलात ते तुमचं, आणि मागे उरतं ते नाव. गुरं मरतात, आप्त मरतात, आपणही मरतो, चांगलं नाव मरत नाही, हे कडवं वाचलं तेव्हा आईच म्हणाली, अरे हे तर मरावे परी कीर्तिरूपे उरावे.

आता सगळ्यात अवघड, शब्द. यासाठी टिर आणि फेन्रिरची गोष्ट नीट वाचा, घाईने नको. फेन्रिर हा लांडगा देवांच्याच अंगणात वाढला, त्याला खायला घालायची हिंमत फक्त टिरची होती. लांडगा वाढत चालला तसे देव घाबरले, दोन साखळ्या त्याने तोडल्या, मग बुटक्यांकडून रेशमासारखी मऊ फीत करून आणली, ग्लेइप्निर, मांजराच्या पावलांचा आवाज, बाईची दाढी, डोंगराची मुळं, अस्वलाचे स्नायू, माशाचा श्वास आणि पक्ष्याची थुंकी या सहा गोष्टींची. लांडग्याला संशय आला, तो म्हणाला तुमच्या मनात कपट नसेल तर कुणीतरी आपला हात माझ्या तोंडात ठेवा. सगळे एकमेकांकडे बघत राहिले, टिरने उजवा हात पुढे केला. फीत तुटली नाही, देव हसले, टिर सोडून सगळे, कारण त्याचा हात गेला होता.

यात देवांनी शब्द मोडलाय हे झाकू नका. मी कितीदा वाचली ही गोष्ट आणि दर वेळी तिथेच अडतो, की टिर खोटं बोलण्यात सामील होता आणि त्याची किंमतही त्यानेच चुकवली, आणि ज्याला रोज घास भरवला त्याच्याच तोंडात हात दिला. धैर्य म्हणजे काय यावर नऊ सद्गुणांच्या यादीपेक्षा ही एक गोष्ट जास्त शिकवते. कुठलीही कथा वाचताना मी आता एवढंच विचारतो, यात हात कुणाचा गेला. आणि शपथेची दहशत किती होती बघा, व्होलुस्पा या काव्यात मेलेल्यांसाठी एक भयाण किनारा सांगितलाय, जड प्रवाहातून चालत राहायचं, आणि तिथे कोण तर खोटी शपथ घेणारे आणि खुनी, एकाच रांगेत.

शब्दाचा सराव करायचा विधी म्हणजे सुम्बेल, आणि तो मुंबईत सहज जमतो. चार ते सात माणसं, गच्ची, एक पेला. बोलवायचं कुणाला हे आधी नीट ठरवा. नॉर्स चिन्हं नाझींनी वापरली आणि आजही काही गट म्हणतात की हे फक्त उत्तर युरोपीय रक्ताच्या लोकांचं आहे, ऑनलाइन भटकताना हे तुम्हाला भेटणार, वाद घालत बसू नका, बाहेर पडा. आइसलंडच्या संस्थेचा असल्या विचारांना उघड विरोध आहे. रून, म्हणजे त्या लोकांच्या जुन्या लिपीतली अक्षरं, गोंदवून घ्यायची असतील तर आधी कोणतं अक्षर कुणी कशासाठी वापरलं ते तपासा, दारावर स्वस्तिक काढणाऱ्या आपल्याला हे दुःख वेगळं सांगायला नको.

पेल्यात दारू हवीच असं नाही, मी तर नको म्हणेन. हावामालमध्ये विसराळूपणाचा एक बगळा आहे, तो मैफलीवर घिरट्या घालतो आणि माणसांची अक्कल चोरतो, हे खुद्द ओडिन सांगतो. आम्ही कोकम सरबत घेतो, स्टीलच्या पेल्यात, शिंग वगैरे काही नाही. आज बहुतेक ठिकाणी तीन फेऱ्या करतात. पहिल्या फेरीत ज्याने त्याने आपल्या देवाचं नाव घ्यायचं, दुसरीत गेलेल्यांचं, तिसरीत स्वतःबद्दल, केलेलं काम किंवा करणार ते वचन. पेला ज्याच्या हातात तोच बोलतो, बाकीचे ऐकतात, मोबाइल खाली घरात.

दुसऱ्या फेरीला घाई करू नका, तिथेच सगळं आहे. नुसतं नाव घ्यायचं नाही, त्या माणसाचं एक काम सांगायचं. आमच्यातल्या एकाने त्याच्या आजीचं सांगितलं, गिरणगावात ती खानावळ चालवायची, १९८२ च्या संपात गिरण्या बंद झाल्या, जेवणाऱ्यांचे पैसे थांबले, तरी तिने कित्येक महिने ताटं थांबवली नाहीत, वही लिहिली नाही, बांगड्या गेल्या. तो बोलून गप्प झाला आणि पेला पुढे द्यायचं विसरला, आम्ही कुणी मागितला नाही. खाली रस्त्यावरून बेस्टची बस गेली तेवढाच आवाज.

तिसऱ्या फेरीत मात्र लहान बोला. पुढच्या वर्षी मॅरेथॉन धावीन, व्यसन सोडीन, असं नको. ज्याची तारीख सांगता येते आणि जे न झालं तर सगळ्यांना दिसतं असंच वचन द्या, कारण ऐकणाऱ्यांच्या माथीही ते वचन येतं, त्यांनी आठवण करून द्यायची असते. मी नालासोपाऱ्याला एकट्या राहणाऱ्या आत्याकडे दर रविवारी जाईन असं म्हटलं होतं. चांगल्या मित्राचं घर लांब असलं तरी वाट सरळ असते असं काव्य म्हणतं, आणि जी वाट कुणी तुडवत नाही तिच्यावर झुडपं आणि उंच गवत माजतं असंही म्हणतं. पहिले सहा रविवार गेलो. मग ऑगस्टमध्ये एकदा मेगाब्लॉक होता आणि एकदा काहीच नव्हतं, नुसता झोपून राहिलो.

वचन मोडलं तर काय करायचं याचं उत्तर जुन्या लोकांकडे होतं आणि ते मला फार पटतं, भरपाई. खुनासाठीसुद्धा त्यांच्याकडे भरपाई ठरवत, सभेत, सगळ्यांसमोर. पश्चात्तापाने रडत बसायचं नाही, उभं राहून सांगायचं आणि काय द्यायचं ते दुसऱ्यांनी ठरवायचं. पुढच्या सुम्बेलला मी पेला हातात घेऊन सांगितलं की दोन रविवार चुकले, एकाला कारण नव्हतं. त्यांनी दोन मिनिटं आपसात बोलून ठरवलं, आत्याचं मोतीबिंदूचं दाखवणं मार्चपासून राहिलंय, ते तू करायचं, सुट्टी टाकून, कामाच्या दिवशी. उरलेलं सरबत खाली येऊन उंबराच्या मुळाशी ओतलं, पेला धुतला, पुढची तारीख तिथेच जिन्यात ठरवली. बुधवारी पहाटे पाच वाजून दहाची गाडी पकडली, सात वाजता आत्याला घेऊन नंबर लावायला रांगेत उभा होतो, आमच्या पुढे अकरा माणसं होती.